वॅक्स मेल्टचं मेण: आधी वॉर्मर मोजा, मग मेण घ्या

वॅक्स मेल्ट म्हणजे वॉर्मरवर, म्हणजे विजेवर किंवा छोट्या मेणबत्तीवर तापणाऱ्या वाटीत, वितळवायची सुगंधी मेणाची वडी. घरी केलेल्या वॅक्स मेल्टबद्दलची नेहमीची तक्रार ठरलेली आहे. डबी उघडली की वास मस्त येतो, पण वॉर्मरवर ठेवल्यावर खोलीत काही जाणवत नाही. मग पुढच्या घाण्याला सुगंधी तेल दुप्पट पडतं, मेल्ट हाताला चिकट लागतो आणि वास होता तेवढाच राहतो. तेल कमी पडल्यामुळे असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा मेण आणि वॉर्मर यांची जोडी जमलेली नसते. नाशिकमध्ये त्यात चाळिशी ओलांडणारा एप्रिल-मे आणि दहा अंशांखाली उतरणारी डिसेंबर-जानेवारीतली पहाट यांचीही भर पडते.

मेल्टला वात नसते. मेणबत्तीची ज्योत मेण जाळते, इथे मेण फक्त गरम होतं आणि त्याच्या पृष्ठभागावरून सुगंध उडून जातो. त्यामुळे मेणबत्तीसाठी चांगलं म्हणून विकलेलं मेण मेल्टलाही चांगलंच ठरेल असं नाही. दुकानात बरणीला नाक लावून पसंत केलेला वास तर अजिबात गृहीत धरू नका. थंड मेणाचा वास म्हणजे कोल्ड थ्रो आणि वितळलेल्या मेणाचा वास म्हणजे हॉट थ्रो. आपल्याला दुसरा हवा आहे.

सुरुवात वॉर्मरपासून

मेण विकत घेण्याआधी एक मोजणी करा. वॉर्मरच्या वाटीत २० ग्रॅम साधं गोडंतेल घाला, वॉर्मर चालू करून ४५ मिनिटं ठेवा. मग तेल हलकं ढवळून मधोमध स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर बुडवा. टोक वाटीच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा भांड्याचा येतो, तेलाचा नाही. पंखा बंद हवा. आलेला आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत.

आकडा ५० च्या खाली आला, तर मेण बदलून उपयोग नाही, वॉर्मर बदला. इतक्या कमी उष्णतेवर वितळणारं मेण नाशिकच्या उन्हाळ्यात कपाटातच बसकण मारेल. ५० ते ६० मध्ये असेल तर सोयाचं प्रमाण जास्त असलेलं मऊ मिश्रण लागेल. ६० ते ७५ ही सगळ्यात सोयीची पट्टी; पॅराफिन जास्त असलेलं मिश्रण इथे छान काम करतं. टी-लाइटवर, म्हणजे छोट्या चपट्या मेणबत्तीवर, चालणारे मातीचे किंवा चिनी मातीचे बर्नर अनेकदा याहूनही तापतात. त्यात पहिला तासभर वास घर भरून टाकतो आणि मग एकदम संपतो. अशा बर्नरमध्ये मेण जास्त घाला, २० ऐवजी ३० ग्रॅम, किंवा ज्योत आणि वाटी यांत जास्त अंतर असलेला बर्नर घ्या.

हे मोजायचं कारण वाटीत डोकावलं की दिसतं. ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन ५५ अंशांच्या वॉर्मरवर ठेवा आणि वीस मिनिटांनी बघा: कडेने पातळ मेणाची अरुंद किनार, मधोमध पांढरं घट्ट बेट. तासाभरानेही ते बेट पुरतं विरघळत नाही. सुगंध उडतो तो फक्त त्या किनारीतून. तेल ८ टक्के असो की १२, बाकीचं त्या बेटात अडकून पडतं.

पॅराफिन

जोरदार दरवळ हेच एकमेव उद्दिष्ट असेल, तर पॅराफिनला वगळून चालत नाही. हे पेट्रोलियमपासून मिळणारं मेण. सुगंधाचे रेणू त्याला फारसे धरून बसत नाहीत, त्यामुळे वितळताच वास सुटतो. दोन-तीन दिवस मुरलं तरी पुरतं.

आपल्याकडे सहज मिळतं ते ५८-६० अंशांचं. नाशिकच्या मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजारात सुटं मेण विचारायला जाल तेव्हा ‘फुल रिफाइन’ असंच मागा. सेमी रिफाइन स्वस्त असतं, पण त्यात तेलाचा अंश जास्त राहतो आणि गरम झाल्यावर त्याचा स्वतःचा रॉकेलसारखा वास येतो. मोगऱ्याच्या आड तो लपत नाही. तुकडा नखाने खरवडून तळहातावर चोळा आणि वास घ्या. चांगल्या मेणाला जवळजवळ वास नसतो. पांढऱ्या कागदात घट्ट दाबून धरल्यावर तेलकट डाग उमटला, तर ते मेण साध्या मेणबत्त्यांना ठेवा.

पॅराफिनची खोड अशी की ते थंड होताना घट्ट स्फटिक बांधतं आणि जास्तीचं तेल बाहेर ढकलतं. नुसतं पॅराफिन साधारण ५-६ टक्के सुगंधी तेल नीट पेलतं. त्यापुढे मेल्टला घाम फुटतो. शिवाय ते ठिसूळ असतं, साच्यातून काढताना कोपरे तुटतात.

सोया

सोयाबीन तेल हायड्रोजनेट करून हे मेण करतात. मऊ, कमी तापमानाला वितळणारं आणि १० टक्क्यांपर्यंत तेल सहज पोटात घेणारं. पण पोटात घेतं तसं ते लवकर सोडत नाही. सोयाचे रेणू सुगंधाला पॅराफिनपेक्षा जास्त चिकटून राहतात, म्हणून हॉट थ्रो सौम्य असतो आणि मुरायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. केल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्मरवर ठेवून सोयाला नापास करणारे खूप आहेत. ती चाचणी धरू नका.

सोया घेताना प्रकार विचारा. बरणीत ओतायच्या मेणबत्तीचं, म्हणजे कंटेनर सोया, ५० अंशांच्या आतबाहेर वितळतं आणि बोटाला लागतं. साच्यातून सुटं निघणारं पिलर सोया जास्त कडक असतं. मेल्टसाठी दुसरं हवं. ऑनलाइन पाकिटांवर नुसतं ‘सोया वॅक्स’ लिहिलेलं असतं आणि आत बहुतेक वेळा कंटेनर सोया निघतं, तेव्हा मेल्टिंग पॉइंटचा आकडा लिहिलेला असेल तेच पाकीट घ्या.

सोयाच्या पृष्ठभागावर पांढरट, रवाळ थर येतो, कणीदार तुपावर दिसतो तसा. तो वासाला काही करत नाही. रंग न घालता केलेत तर डोळ्यालाही खटकत नाही.

बाकीची मेणं

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, महाग असतं, आणि स्वतःच्या मधाळ वासाखाली दुसरा वास दाबतं. जोरदार सुगंधासाठी पैसे वाया. पाम मेणाची स्फटिकांची नक्षी सुंदर दिसते, पण ते बरंच गरम असताना ओतावं लागतं. नवशिक्याने आधी त्यात पडू नये. नारळाचं मेण सुगंध छान सोडतं, पण फार मऊ असतं. ते थोडं मिसळायला ठीक, एकट्याने नाशिकच्या मे महिन्यात टिकणार नाही. आणि नारळाचं मेण म्हणजे स्वयंपाकघरातलं खोबरेल नव्हे. खोबरेल २४-२५ अंशांना पातळ होतं, ते मिसळलेला मेल्ट थंडीत ठीक वाटतो आणि फेब्रुवारी सरला की तेल सोडू लागतो. जेल वॅक्स मेल्टला घेऊच नका.

पहिलं मिश्रण

वॉर्मर ६० ते ७५ च्या पट्टीत असेल, तर ६५ ग्रॅम फुल रिफाइन पॅराफिन, ३५ ग्रॅम पिलर सोया आणि ८ ग्रॅम सुगंधी तेल. पॅराफिन वास सोडतं, सोया तेल धरून ठेवतं आणि ठिसूळपणा घालवतं. इथे टक्केवारी मेणाच्या वजनावर धरली आहे: १०० ग्रॅम मेणाला ८ ग्रॅम तेल, एकूण १०८ ग्रॅम. काही विक्रेते एकूण वजनावर टक्के सांगतात, त्यामुळे दुसऱ्याची कृती वापरताना हे आधी बघा.

वॉर्मर ५० ते ६० चा असेल तर हेच उलटं करा, ७० सोया आणि ३० पॅराफिन, आणि दोन आठवडे मुरवा. ६० ते ७५ च्या वॉर्मरच्या मिश्रणात उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत, पॅराफिन ७५ वर न्या. हिवाळ्यात ६० वर आणा; हवं तर २-३ ग्रॅम साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली घाला, मेल्ट कमी ठिसूळ होतो आणि लवकर वितळतो. तीच जेली एप्रिलमध्ये घातलीत तर मेल्ट डबीला चिकटून बसेल.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फसगत जास्त होते. मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं फ्रॅग्रन्स ऑइलच घ्या आणि विक्रेत्याकडे आयएफआरएचं, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा-मानकांचं, प्रमाणपत्र मागा. मेणबत्त्या त्यात बाराव्या वर्गात येतात. अगरबत्तीचा परफ्यूम स्वस्त पडतो, पण तो अनेकदा डीईपी (डायइथाइल थॅलेट हे द्रावक) किंवा व्हाइट ऑइल (शुद्ध खनिज तेल) यांत पातळ केलेला असतो. आठ ग्रॅम घातला तरी त्यात खरा सुगंध किती हे कळत नाही आणि ते पातळ करणारं द्रव्य मेणाला मऊ करतं. गुलाबपाणी मेणात मिसळतच नाही. बॉडी स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते गरम मेणात घालणं धोक्याचं आहे. लिंबू-संत्र्याचे वास वॉर्मरवर सगळ्यात आधी उडतात. चंदन, वाळा, अंबर यांची जोड असलेलं तेल जास्त वेळ टिकतं. व्हॅनिला असलेल्या तेलाने मेल्ट काही दिवसांत तपकिरी पडतो, ते व्हॅनिलिनमुळे. त्याने वास बिघडत नाही.

तेल मिलीलिटरमध्ये मोजू नका. प्रत्येक तेलाची घनता वेगळी, त्यामुळे ८ मिली म्हणजे ८ ग्रॅम असं होत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. एक ग्रॅमच्या पायरीने मोजणारा स्वयंपाकाचा काटा ८ ग्रॅमच्या मापात सहज अर्ध्या ग्रॅमची गफलत करतो आणि मग दोन घाण्यांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

कृती

१. पसरट पातेल्यात दोन इंच पाणी उकळायला ठेवा. तळाला स्टीलची जाळी किंवा कुकरची चकती ठेवा, त्यावर मेणाचं स्टीलचं किंवा जर्मनचं भांडं. मेण थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे पाण्यावर ठेवलेलं मेण हाताबाहेर तापण्याची भीती नाही.

२. आधी पॅराफिन घाला, कारण ते उशिरा वितळतं. ते पातळ झाल्यावर सोया. पॅराफिनची वडी मोठी असेल तर जाड पिशवीत घालून बत्त्याने फोडून घ्या, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो.

३. मिश्रण ८५ अंशांवर आणा, गॅस बंद करा, भांडं बाहेर काढून बूड कोरडं पुसा. पाण्याचा थेंब मेणात पडला तर मेल्टमध्ये पोकळी राहते आणि वॉर्मरवर तडतड होते.

४. ८० अंशांना तेल घाला आणि पूर्ण दोन मिनिटं सावकाश ढवळा. घड्याळ लावा, अंदाजाने ढवळलेली दोन मिनिटं चाळीस सेकंदांची निघतात. जोरात घुसळू नका, हवेचे बुडबुडे धरतात. मेण याहून थंड असताना तेल घातलं तर ते नीट मिसळत नाही, तळाशी उतरतं आणि शेवटचे दोन मेल्ट तेलकट, बाकीचे फिके असा घाणा निघतो.

५. ७० ते ७५ अंशांना सिलिकॉनच्या साच्यात ओता. सोया जास्त असेल तर ६० ते ६५. आइस ट्रेच्या एका खणात साधारण १० ते १५ ग्रॅम मेण मावतं, दोन खण म्हणजे एका वेळचा मेल्ट. ट्रे आधी ताटात ठेवा. भरलेला सिलिकॉनचा ट्रे उचलताना वाकतो आणि मेण ओट्यावर येतं.

६. खोलीतच गार होऊ द्या, फ्रिजमध्ये घालू नका. झटकन गार केलेलं पॅराफिन तडकतं. चार-पाच तासांनी साच्यातून काढा.

७. झाकणाच्या डबीत, उन्हापासून लांब, सहा-सात दिवस मुरवा. डबीवर तारीख, मेणाचं प्रमाण, तेलाचं नाव आणि टक्के लिहा.

किती तेल पेलतं हे ठरवणं

पाकिटावर ‘१० टक्क्यांपर्यंत’ लिहिलेलं असलं तरी तुमचं तेल आणि तुमचं मिश्रण वेगळं आहे. तीन छोटे घाणे करा, प्रत्येकी ३० ग्रॅम मेण: पहिल्यात १.८ ग्रॅम तेल, दुसऱ्यात २.४, तिसऱ्यात ३. म्हणजे ६, ८ आणि १० टक्के. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा एक तुकडा पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवा, वरून दुसरा टिश्यू, आणि घरातल्या सगळ्यात गरम खोलीत ४८ तास राहू द्या. ज्याच्या खाली पारदर्शक तेलकट गोल उमटला, त्याची मर्यादा ओलांडली. त्याच्या एक पायरी खालचं प्रमाण तुमचं. हिवाळ्यात पास झालेलं प्रमाण उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा तपासा.

वासाची चाचणी

१० बाय १२ ची बंद दाराची खोली, पंखा बंद, २० ग्रॅम मेल्ट. अर्ध्या तासाने अशा माणसाला आत बोलवा जो तेवढा वेळ बाहेर होता. घाणा करणाऱ्याचं नाक तेलाला सरावलेलं असतं, त्याच्या मताला इथे किंमत शून्य. पाचपैकी गुण मागा, ३० मिनिटांनी, २ तासांनी आणि ४ तासांनी. दिवसाला एकच मेल्ट तपासा. आधीचा वास पडद्यांत आणि गादीत राहतो.

गुण कमी आले तर काय बदलायचं हे वाटी सांगते. मेण पुरतं वितळलेलं नसेल तर सोया वाढवा. वितळलंय, पण वास मंद आहे, तर आणखी आठवडाभर मुरवून पुन्हा तपासा आणि मगच पॅराफिन दहा ग्रॅमने वाढवा. सुरुवातीला जोरदार आणि दोन तासांत गायब, तर वॉर्मर जास्त तापतोय. या तिन्हींत बसत नसेल तर तेल हलकं आहे; तेच मेण ठेवून दुसरं तेल घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. मेण आणि तेल दोन्ही एकदम बदललं की सुधारणा कशाने झाली ते कळायला मार्ग नाही.

साठवण आणि सुरक्षितता

स्लॅबखालच्या माळ्यावर मेल्ट ठेवू नका. मे महिन्यात तिथलं तापमान खोलीपेक्षा बरंच जास्त असतं. पावसाळ्यात साचे कोरड्या फडक्याने पुसूनच वापरा. थंडीत, विशेषतः निफाडच्या बाजूला जिथे पारा एक आकडी होतो, साचे ओतण्याआधी हात लावून कोमट वाटतील इतके गरम करा, नाहीतर कडा आधी आकसतात आणि वरच्या बाजूला खड्डा पडतो.

मेण वितळत असताना ओटा सोडून जाऊ नका. मेणाने पेट घेतलाच तर पाणी टाकायचं नाही, गरम मेण उसळून आग पसरते. गॅस बंद करून भांड्यावर झाकण किंवा ताट घाला. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल किंवा मांजर असेल, तर खिडकी किलकिली ठेवा आणि २० ऐवजी १० ग्रॅमने सुरुवात करा.

वापरून झालेलं मेण संपत नाही, त्यातला वास तेवढा संपतो. वॉर्मर बंद करून वाटी पूर्ण गार होऊ द्या, मग दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मेण चकतीसारखं सुटून येतं. पातळ असतानाच काढायचं असेल तर कापसाचे दोन बोळे टाकून टिपून घ्या. ते मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये गोठतं. सुक्या कचऱ्यात टाका, किंवा जमवून ठेवा: दिवे गेल्यावर लावायच्या साध्या मेणबत्त्यांत ते खपतं.